नळाला फ्लोरायड, दाताला कीड

माझी मावसबहीण शिकागोजवळ राहते. दोन वर्षांतून एकदा डिसेंबरात येते, आणि आल्या-आल्या जी यादी बाहेर काढते तिच्यात भाजणी, ब्लाउज शिवणारी बाई आणि दातांचे डॉक्टर या तीन गोष्टी कधी चुकत नाहीत. गेल्या खेपेला तिची उजवीकडची खालची दाढ चार महिने ठणकत होती. तिकडच्या डेंटिस्टनं रूट कॅनल आणि वरची कॅप मिळून जो आकडा सांगितला, त्यात तिचं जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट निघत होतं. मग लवंगेचं तेल आणि गोळ्या यांवर दिवस ढकलत ती इकडे आली, आणि जेट लॅग उतरायच्या आत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली.

संध्याकाळी आईनं तिला विचारलं, "अगं, तुमच्याकडे नळाच्या पाण्यातच दातांचं औषध घालतात म्हणे. मग तुझी दाढ किडली कशी?"

"मावशी, तेच मलाही कळत नाही," ती म्हणाली. गाल सुजलेला असल्यामुळे तिला हसताही येईना.

प्रश्न साधा आहे, पण अमेरिकेत आणि कॅनडात तो दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर फेकतात. हे औषध म्हणजे फ्लोरायड. एक बाजू म्हणते, फ्लोरायड घालूनही दात किडतात, म्हणजे त्याचा उपयोग नाही, बंद करा. दुसरी म्हणते, पाण्यात फ्लोरायड आहे, म्हणजे दातांची सोय झाली, आता आणखी काय हवं? मला वाटतं, दोघांचीही एकच गल्लत होते. दात किडण्याचा वेग कमी करणं हे एक काम आणि किडलेल्या दातावर इलाज करणं हे दुसरं. पहिलं काम पाणी बऱ्यापैकी करतं. दुसरं पाण्याच्या बापाला जमणार नाही.

हे नीट कळायला आधी तोंडात काय चालतं ते पाहू.

किडा कुठेच नसतो

आपण दाताला कीड लागली म्हणतो. लहानपणी मला खरंच वाटायचं की आत एक बारीक अळी बसून दाढ पोखरते. प्रत्यक्षात दातावर जो चिकट, पिवळसर थर साचतो त्यात जिवाणूंची दाट वस्ती असते. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते जिवाणूही जेवतात, आणि त्यांच्या जेवणातून आम्ल तयार होतं. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. तो बनलेला असतो कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की हे स्फटिक विरघळायला लागतात.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच पीएच खाली येतो. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते आणि निघून गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा कवचात बसवते. याला अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही लागतो. हा जमाखर्च दिवसभर चालूच असतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व. जेवणानंतर एका बैठकीत तीन लाडू खाणारा एकदाच खर्च करतो. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला साखरेच्या चहाचा घोट घेणाऱ्याच्या लाळेला जमेची बाजू लिहायला फुरसतच मिळत नाही.

फ्लोरायड या वहीत जमेच्या बाजूला मदत करतं. लाळेत त्याचा अगदी थोडा अंश असला तरी कवचाची दुरुस्ती लवकर होते. शिवाय दुरुस्तीत जे नवे स्फटिक बसतात ते आधीच्यांपेक्षा चिवट असतात, विरघळायला त्यांना आणखी कडक आम्ल लागतं. पूर्वी समज असा होता की फ्लोरायड लहानपणी पोटात गेलं पाहिजे, म्हणजे दात घडतानाच पक्के घडतात. आता कळलंय की त्याचं मुख्य काम दात उगवल्यावर, दाताच्या पृष्ठभागावर चालतं. म्हणजे ते मुलांइतकंच मोठ्यांनाही लागू आहे. (जाता जाता: रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा मोलाचा. आणि फेस थुंकल्यावर खळखळून चुळा भरल्या तर लावलेलं फ्लोरायड बेसिनमध्ये जातं. थुंकावं आणि तसंच झोपावं. आईला हे अजून पटलेलं नाही.)

आता त्याच्या मर्यादा. दाढेच्या वरच्या बाजूला ज्या खोल चिरा असतात त्यांत अन्न अडकतं आणि ब्रशचा केस आत पोचत नाही. दाताच्या गुळगुळीत बाजूंना फ्लोरायड चांगलं वाचवतं, या चिरांना तितकं नाही. त्यासाठी दाढ उगवल्यावर डॉक्टरनं चिरा बुजवणारा पातळ लेप लावावा लागतो, ज्याला सीलंट म्हणतात.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी. कवच आतून पोकळ होऊन एकदा कोसळलं, खड्डा पडला, की फ्लोरायडचा अधिकार संपला. खड्डा कुठल्याच पाण्यानं, पेस्टनं किंवा मंजनानं भरून येत नाही. आणि यातली खरी खोच अशी की कवचात नस नसते. कीड कवचात असेपर्यंत माणसाला पत्ताच लागत नाही. कवचाखालच्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत पोचली की थंड पाणी झोंबतं. त्याच्याही आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्रभर झोप नाही. म्हणजे दुखायला लागतं तोवर सिमेंट भरून भागण्याची वेळ बहुतेकदा टळलेली असते. दुखायच्या आधी कुणीतरी आरसा आणि एक्स-रे घेऊन तोंडात डोकावलेलं असावं लागतं. ते कुणीतरी परवडणारं आणि जवळ असावं लागतं, आणि बहिणीच्या बाबतीत गाडी इथेच अडली.

तपकिरी दातांची गोष्ट

पाण्यात फ्लोरायड घालायची कल्पना आली कुठून, ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिची सुरुवात खराब दातांपासून होते.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना थाटायला आला. बघतो तर तिथं वाढलेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग, काहींचे तर चॉकलेटसारखे गडद. गावकऱ्यांनी कारणं शोधून ठेवली होती: डुकराचं मांस जास्त खाल्लं जातं, दूध वाईट असतं, वगैरे. मॅकेनं पुढची तीस वर्षं या डागांमागे घालवली. शोध घेता घेता त्याला एक उलटी गोष्ट दिसली. हे डागाळलेले दात किडत मात्र फार कमी.

आयडाहो राज्यातल्या ओकली गावात १९२३ च्या सुमारास आया सांगत होत्या की एका उबदार झऱ्यावरून गावाला नळ आला आणि त्यानंतर मुलांचे दात डागाळायला लागले. मॅकेच्या सल्ल्यावरून गावानं तो झरा सोडला, दुसरं पाणी घेतलं. काही वर्षांत मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. म्हणजे दोष पाण्यात होता, पण पाण्यात काय होतं ते सापडेना. अखेर १९३१ साली ते सापडलं एका ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत. आर्कान्सॉमधलं बॉक्साइट हे त्या कंपनीचंच गाव, आणि तिथल्या मुलांचेही दात तपकिरी. त्यातच ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी आवई उठलेली. आता दातांचं खापरही आपल्यावर फुटेल या धास्तीनं कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याची बारीक तपासणी केली आणि त्यात भरपूर फ्लोरायड निघालं. कंपनीची भांडी निर्दोष ठरली आणि दंतशास्त्राला एक गुपित मिळालं.

पुढचं काम सरकारी आरोग्य खात्यातल्या ट्रेंडली डीन यांचं. गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात ताडून त्यांनी दाखवलं की लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोरायड असेल तर डाग जवळपास पडत नाहीत आणि कीड मात्र बरीच कमी होते. एक मिलिग्रॅम म्हणजे किती? आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत एक ग्रॅम.

हे वाचताना विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाच्या मनात वेगळीच चित्रं येतील. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात निसर्गतःच फ्लोरायड जास्त असतं. तिथं मुलांचे दात तपकिरी होतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्यांचे सांधे आखडतात, हाडं वाकतात. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोरायड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. अमेरिकेत फ्लोरायड पाण्यात घालायचं तंत्र वाढलं, तर आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते पाण्यातून काढायचं तंत्र बसवलं. तेलंगणातल्या जिल्ह्याच्या नावावरून त्याला नलगोंडा पद्धत म्हणतात. म्हणून आपल्याकडे नळात फ्लोरायड घालण्याचा प्रश्न फारसा निघत नाही, आणि माझ्या मते निघूही नये. कढीपत्ता सगळ्या फोडण्यांना चालतो, फ्लोरायडचं तसं नाही.

असो. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सनं आपल्या नळाच्या पाण्यात फ्लोरायड मिसळायला सुरुवात केली. असं करणारं ते जगातलं पहिलं शहर. शेजारचं मस्कीगन शहर तुलनेसाठी तसंच ठेवलं. अकरा वर्षांनी पाहिलं तर ग्रँड रॅपिड्समध्ये त्या पाण्यावर जन्मल्या-वाढलेल्या मुलांच्या दातांची कीड साठ टक्क्यांहून जास्त घटली होती. मस्कीगनकरांना तेवढी वाट पाहवली नाही. त्यांनी १९५१ मध्येच आपल्याही पाण्यात फ्लोरायड सुरू करून टाकलं, आणि शास्त्रज्ञांची तुलना अर्ध्यावर राहिली.

साठ टक्क्यांचे पुढे काय झाले

हा साठचा आकडा आजही भाषणांत ऐकू येतो, पण तो आज खरा नाही. १९४५ मध्ये फ्लोरायडची पेस्ट बाजारात नव्हती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ती आली आणि पुढच्या वीस वर्षांत घरोघरी पोचली. दातांना फ्लोरायड आता दोन वाटांनी मिळतं, त्यामुळे एकट्या पाण्याचा वाटा लहान झाला. कॉक्रेन या संस्थेनं २०२४ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. १९७५ नंतरच्या अभ्यासांवरून त्यांचा अंदाज असा निघाला की पाण्यात फ्लोरायड सुरू केलं तर दुधाच्या दातांत मुलामागे सरासरी पाव दात वाचतो. गरीब आणि श्रीमंत मुलांतला फरक यानं कमी होतो का, हे ठरवण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

पाव दात ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण चार मुलांत एक दात, चार लाखांत एक लाख दात, असं पाहिलं की कळतं, एवढ्या कमी खर्चात हे कुठल्याच दवाखान्याला जमलं नसतं. मात्र ग्रँड रॅपिड्सची जादू आता राहिलेली नाही, हेही मोकळेपणानं म्हणायला हवं.

यासंदर्भात मला सगळ्यात बोलकी वाटते ती कॅनडातल्या दोन शहरांची जोडी. कॅलगरी आणि एडमंटन, एकाच अल्बर्टा प्रांतातली, बरीच सारखी. एडमंटन १९६७ पासून पाण्यात फ्लोरायड घालतं. कॅलगरीनं २०११ मध्ये ते बंद केलं. सात-आठ वर्षांनी संशोधकांनी दोन्हीकडच्या दुसरीतल्या मुलांचे दात तपासले. कॅलगरीत ६४.८ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांत कीड होती, एडमंटनमध्ये ५५.१ टक्के.

फ्लोरायडचे समर्थक या आकड्यांतला दहाचा फरक उचलतात, आणि तो खरा आहे. शंभर मुलांमागे जवळजवळ दहा. पण दुसरा आकडा पुन्हा वाचा. पन्नासहून जास्त वर्षं फ्लोरायड पिणाऱ्या शहरात, जगातल्या एका श्रीमंत देशात, सात वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले. ही पंचावन्न टक्के मुलं फ्लोरायडविरोधी लोक पुरावा म्हणून नाचवतात आणि समर्थक त्यांच्याबद्दल गप्प बसतात. माझ्या लेखाचा विषय तीच पंचावन्न टक्के मुलं आहेत. त्यांच्या घरी नळ येतो. डॉक्टर येत नाही, डॉक्टरकडे जावं लागतं.

दात शरीरात मोडत नाहीत

बहिणीकडे चांगल्या नोकरीचा चांगला आरोग्य विमा आहे. उद्या तिला अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं तर विमा धावून येईल. दाढ मात्र त्या विम्यात नाही. दातांचं कार्ड वेगळं, हप्ता वेगळा, डॉक्टरांची यादी वेगळी. जणू दात शरीराचा भाग नसून भाड्यानं आणलेले आहेत.

ही फाळणी जुनी आहे. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय १८४० साली मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरमध्ये निघालं. असं सांगतात की संस्थापक आधी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले होते, दातांचं शिक्षणही तुमच्यातच सुरू करा म्हणून, आणि त्यांना वाटेला लावण्यात आलं. गोष्ट किती खरी यावर इतिहासकार भांडतात. पण झालं ते असं की दातांची शाळा वेगळी झाली, मग परवाना वेगळा, दवाखाना वेगळा, आणि विमे आले तेव्हा तेही वेगळे. १९६५ मध्ये अमेरिकेनं म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आणली, तेव्हा दातांची निगा, भरणं, काढणं, बदलणं यांचा खर्च द्यायचा नाही असं कलमच घातलं. नेमक्या ज्या वयात कवळी लागते त्या वयाची ही योजना! गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत मुलांच्या दातांचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक आहे. मोठ्यांच्या दातांचं काय करायचं ते ज्या त्या राज्याच्या मर्जीवर.

दातांचा खासगी विमा तर विमा या शब्दालाच जागत नाही. विमा म्हणजे काय? छोटा खर्च तुम्ही सोसा, मोठा डोंगर कोसळला तर कंपनी बघेल. इथं उलटं आहे. सर्वसाधारण योजनेत तपासणी आणि सफाई पूर्ण फुकट, सिमेंट भरायला ऐंशी टक्के, आणि रूट कॅनल-कॅपसारख्या मोठ्या कामाला बऱ्याचदा निम्मेच पैसे. वर वर्षाची कमाल मर्यादा, साधारण १,००० ते २,००० डॉलर. ती ओलांडली की पुढचं सगळं तुमच्या खिशातून. बहिणीनं त्या वर्षी मोठ्या मुलाच्या अक्कलदाढेसाठी स्वतंत्र पैसे भरले होते, तिची स्वतःची मर्यादा वरच्या एका कॅपमध्येच संपली होती, आणि खालची दाढ जानेवारी उजाडायची वाट बघत ठणकत राहिली.

आणि ही पैसेवाल्यांची अडचण. मेडिकेडवरच्या मुलांची गोष्ट वेगळीच. कायद्यानं त्यांना दातांचे उपचार आहेत, पण देशातल्या निम्म्याहून कमी डेंटिस्टांनी मेडिकेडशी जोडून घेतलेलं आहे. दात आहेत तर चणे नाहीत, तशी इथं कार्ड आहे तर डॉक्टर नाही. डेंटिस्टांना नुसत्या शिव्या घालणंही बरोबर नाही. सरकार जे दर देतं त्यात खुर्चीचा आणि हाताखालच्या माणसांचा खर्च निघणं कठीण, कागदपत्रं ढीगभर, आणि कॉलेजातून बाहेर पडताना बहुतेकांच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज. असा माणूस दवाखाना शहराच्या चांगल्या वस्तीत टाकतो, खेड्यात किंवा गरीब मोहल्ल्यात नाही. तासाच्या मजुरीवर काम करणारी आई दुपारी दोनची वेळ चुकवते, कारण रजा घेतली तर पगार बुडतो. डॉक्टर म्हणतो, हे लोक वेळ पाळत नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे असतात आणि पोराचा दात किडत राहतो.

मग शेवटी सगळे जातात कुठे, तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. अमेरिकेत दरवर्षी सुमारे वीस लाख वेळा लोक दातांसाठी इमर्जन्सीत जातात. तिथं दातांची खुर्चीच नसते. अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लिहून देतात, डेंटिस्टला भेटा म्हणतात आणि परत पाठवतात. डेंटिस्ट भेटत असता तर माणूस तिथं आला असता का?

२००७ च्या फेब्रुवारीत मेरीलँडमध्येच एक बारा वर्षांचा मुलगा दाढेनं गेला. दाढेच्या मुळाशी झालेला पू मेंदूपर्यंत पोचला होता. मेंदूवर दोन ऑपरेशनं झाली, कित्येक आठवडे हॉस्पिटलात काढले, आणि सुधारतोय असं वाटत असतानाच तो गेला. त्याची आई त्या काळात दंतवैद्य शोधत होती, पण धाकट्यासाठी, कारण धाकट्याचे सहा दात किडले होते आणि तोच जास्त कण्हत होता. मेडिकेड घेणारा डेंटिस्ट मिळवण्यासाठी मदत करणाऱ्यांना डझनावारी फोन करावे लागले. मधेच घरच्यांचं मेडिकेड खंडित झालं. नूतनीकरणाचे कागद बहुधा ते आधी राहत होते त्या निवाऱ्याच्या पत्त्यावर गेले असावेत. दाढ वेळेवर काढायला साधारण ८० डॉलर लागले असते. हॉस्पिटलचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

पाण्यात फ्लोरायड घालण्यात मेरीलँड अमेरिकेतल्या वरच्या राज्यांत मोडतं. जगातलं पहिलं दंत महाविद्यालयही त्याच राज्यात.

त्या मृत्यूनंतर बरंच हललं. मेरीलँडनं डेंटिस्टांचे मेडिकेडचे दर वाढवले, आणि २००९ मध्ये मुलांच्या सरकारी विम्याच्या कायद्यात दातांचे उपचार केंद्रानं सक्तीचे केले. मोठ्यांसाठी तसं काही झालं नाही. स्टॅन ब्रॉक या माणसानं १९८५ मध्ये रिमोट एरिया मेडिकल ही संस्था काढली होती, दुर्गम भागांत डॉक्टर पोचवायला. ती आता अमेरिकेतल्याच गावांत शनिवार-रविवारची मोफत शिबिरं भरवते. लोक आदल्या रात्रीपासून गाडीत झोपून नंबर लावतात, आणि तिथं दातांसाठी मोठी रांग असते.

डॉक्टर नसेल तर कोण?

न्यूझीलंडनं यावर १९२१ मध्येच एक तोडगा काढला होता. थोडक्या वर्षांचं नेमकं शिक्षण देऊन शाळांसाठी दंत परिचारिका तयार केल्या. सिमेंट भरणं, दुधाचा दात काढणं एवढं त्या करणार, अवघड काम डेंटिस्टकडे. आपल्याकडच्या एएनएमसारखंच (गावोगावच्या आरोग्य परिचारिका) म्हणा ना. अलास्कात कित्येक वस्त्यांना रस्ताच नाही, विमानानं नाहीतर बोटीनं जावं लागतं. तिथल्या मूलनिवासी लोकांनी आपली तरुण मुलं न्यूझीलंडला पाठवून हे काम शिकवून आणलं. परत आल्यावर ती आपल्याच गावातल्या लोकांचे दात बघू लागली. यावर अमेरिकन डेंटल असोसिएशन कोर्टात गेली, डेंटिस्टचं काम दुसऱ्यानं करू नये म्हणून. २००७ पर्यंत तो दावा बारगळला. २००९ मध्ये मिनेसोटानं असे डेंटल थेरपिस्ट कायद्यानं मान्य केले, मागून आणखी काही राज्यांनी. डेंटिस्ट पोचत नाहीत तिथं दुसऱ्या कुणी पोचू नये, हा हट्ट मला समजत नाही.

एक औषधही आलंय, सिल्व्हर डायअमाइन फ्लोरायड. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात होतं, अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. किडलेल्या जागेवर ब्रशनं एक थेंब लावायचा. ना ड्रिल, ना इंजेक्शन. कीड बहुतेकदा तिथंच थांबते. खड्डा भरत नाही, आणि जागा कायमची काळी पडते. समोरच्या दाताला लावायचं म्हटलं की आईबाप नाक मुरडतात. पण शाळेच्या वर्गात बसून एका दिवसात पन्नास मुलांना लावता येण्यासारखं दुसरं काही नाही.

या सगळ्या काळात पाण्याचं भांडण मिटलं असं मुळीच नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या विषशास्त्र कार्यक्रमानं अहवाल दिला की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोरायड असलेल्या पाण्याचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी दिसतो. अमेरिकेतल्या नळात प्रमाण ०.७ ठेवतात. तेवढ्या कमी प्रमाणाबद्दल काही ठरवायला पुरावा अपुरा आहे, असंही त्याच अहवालात होतं, पण ते वाक्य कमी लोकांपर्यंत पोचलं. २०२५ च्या मे महिन्यात युटानं पाण्यात फ्लोरायड घालायला बंदी केली, असं करणारं पहिलं राज्य. जुलैत फ्लोरिडानं केली.

युटाच्या कायद्यात एक सोय ठेवली आहे. ज्यांना हवं त्यांना फार्मासिस्ट फ्लोरायडच्या गोळ्या लिहून देऊ शकतो. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं: ज्याला हवं त्यानं घ्यावं. पण गोळीसाठी दुकानात जावं लागतं, पैसे मोजावे लागतात, आणि पोराच्या तोंडात ती रोज आठवणीनं घालावी लागते, वर्षानुवर्षं. हे ज्या घरांत होईल त्या घरांतली मुलं सहा महिन्यांनी डेंटिस्टकडेही जातच असतात. दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईच्या घरी ते पाणी न बोलावता येत होतं, हाच त्याचा एकमेव मोठा गुण होता.

कॅनडात वारं उलटं फिरलं आहे. कॅलगरीकरांनी २०२१ मध्ये मतदान घेतलं, ६२ टक्क्यांनी फ्लोरायड परत हवं म्हटलं, आणि ३० जून २०२५ ला ते पाण्यात पुन्हा सुरू झालं. त्याच सुमारास तिथल्या केंद्र सरकारनं दातांची राष्ट्रीय योजना आणली. डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट देणाऱ्या कॅनडानंही आजवर दात बाहेरच ठेवले होते. आता वर्षाला ९०,००० कॅनेडियन डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या, दातांचा खासगी विमा नसलेल्या कुटुंबांचे उपचार ही योजना सोसते. २०२४ मध्ये ज्येष्ठांपासून सुरुवात झाली, पाठोपाठ मुलं, आणि २०२५ मध्ये सगळे.

म्हणजे कॅलगरीत नळातलं फ्लोरायड आणि डॉक्टरची फी, दोन्ही एकदम आलं. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथं जन्मलेलं बाळ साधारण २०३२ मध्ये दुसरीत जाईल. त्या वर्गातल्या मुलांना कुणी पुन्हा तोंड उघडायला लावून दात मोजले, तर त्या पंचावन्नाचं काय झालं ते कळेल.